मंत्र्याला अडवायला फोन लागतो, मग गॅसच्या मॉक ड्रिलला का लागत नाही?

१ नोव्हेंबर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा दिन येतो. १९५६ साल, काळे झेंडे, बेळगावातली निषेधाची सायकल फेरी. याच तारखेला १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी जिथं एकमेकांना भिडतात, त्याच कोपऱ्यात. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं. नदी लाल झाली, मासे मेले, आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या देशांना खबर मिळाली ती उशिरा.

त्या धड्यातून १९९२ साली हेलसिंकीला करार झाला आणि २००० पासून तो लागू आहे. कारखाना माझ्या हद्दीत, पण धोका तुझ्या हद्दीत असेल, तर तुला आधी कळवायचं, दोघांचे आराखडे जुळवायचे, आणि तुझ्या लोकांना माझ्या लोकांइतकाच माहितीचा हक्क द्यायचा. वेगवेगळे देश, वेगवेगळ्या भाषा, तरी हे ठरलं.

आता आपल्याकडं या. कोल्हापूर आणि बेळगाव हे एकाच देशातले दोन जिल्हे. पुण्याहून बेंगळुरूला जाणारा महामार्ग कागल सोडतो, कोगनोळीला कर्नाटकात शिरतो, निपाणी-संकेश्वर करत बेळगावला येतो. एलपीजीपासून ॲसिडपर्यंत सगळ्याचे टँकर याच रस्त्यानं धावतात. कागलची पंचतारांकित एमआयडीसी सीमेला लागून. चंदगड तालुक्यातली शिनोळीची कारखानदारी बेळगाव शहराच्या इतकी जवळ की तिथला पेशंट कोल्हापूरला नाही, बेळगावला येतो. दूधगंगा आणि वेदगंगा महाराष्ट्रातून वाहत आपल्याकडं येतात. म्हणजे वारा, पाणी, रस्ता आणि ॲम्ब्युलन्स या चौघांनाही सीमा ठाऊक नाही. ती ठाऊक आहे फक्त सरकारी आराखड्याला.

भोपाळनंतर आपल्या देशात कायदे झाले. १९८९ च्या नियमांनी धोकादायक कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन आराखडा आणि वर्षातून किमान एकदा त्याचा सराव सक्तीचा केला. १९९६ च्या नियमांनी स्थानिक, जिल्हा, राज्य आणि केंद्र अशा चार पातळ्यांवर संकट गट नेमले. राज्यशास्त्र शिकताना हे नियम वाचले की एक गोष्ट लगेच दिसते. ही शिडी आहे, वर-खाली जाणारी. स्थानिक गटानं जिल्ह्याला कळवायचं, जिल्ह्यानं बेंगळुरूला किंवा मुंबईला, तिथून दिल्लीला. शेजारच्या राज्यातल्या जिल्ह्याबरोबर एकत्र सराव कर, असं सांगणारी आडवी पायरी त्यात नाही. म्हणजे कागलला गॅस सुटला तर कागदावर खबर मुंबई-दिल्ली फिरून कोगनोळीला येणार. क्लोरीन एवढा वेळ थांबत नाही.

कुणी म्हणेल, अधिकारी एकमेकांना फोन करतीलच की! करतात ना, मला माहीत आहे. महाराष्ट्रातला मंत्री बेळगावला यायचं म्हणाला की इकडून पत्र जातं, बंदीचा आदेश निघतो, आणि कोगनोळी नाक्यावर दोन्ही बाजूंचे पोलीस उभे राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी ते बघितलं. २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा कागद बघितल्याशिवाय याच नाक्यावरून माणूस सोडत नव्हते. २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टीच्या विसर्गावर दोन राज्यं बोलायला लागली. म्हणजे नंबर आहेत, फोन लागतात, माणसं ओळखीची आहेत. माणूस अडवायला जी तत्परता दिसते, ती माणूस वाचवायच्या सरावात मागितली की लगेच 'हा दोन राज्यांचा विषय आहे' असं उत्तर का?

दुसरा प्रश्न भाषेचा. इथं लगेच कुणीतरी म्हणणार, 'झालं, आणलं भाषेचं राजकारण.' मग जरा रसायनशास्त्र बघू. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून खड्ड्यात किंवा तळघरात लपायचं नाही, उंचावर जायचं. एलपीजीही जड, पण तिथं ठिणगी घातक, म्हणून मोटारसायकलला किक मारायची नाही. अमोनियात ओलं फडकं नाकाला धरून वाऱ्याला आडवं निघायचं. गॅस बदलला की सूचना बदलते. रात्री दोन वाजता भोंग्यावरून ही सूचना आली आणि सत्तर वर्षांच्या आजीला त्यातला एकच शब्द कळला, तर ती वाऱ्याबरोबर पळेल की वाऱ्याला आडवी? भोपाळमध्ये पळालेल्या लोकांना काय करायचं हेच कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं पण कळलं नाही, तर निकाल तोच.

'आता सगळ्यांना कन्नड येतं' हेही ऐकलंय. कॉलेजातल्या आपल्याला येतं. खानापूरच्या जंगलातल्या गावात राहणाऱ्या म्हाताऱ्याला येतं का, ते त्याला विचारा. जिथं भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण देशात जुनं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीनं तो आकडा कधीच ओलांडलाय. आणि हे एकतर्फी मागणं नाही. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषिकांना महाराष्ट्रानं कन्नडमध्ये सूचना द्यायलाच पाहिजे. आपल्याला जे हवं ते त्यांना नाकारायचं असेल, तर आपलं भांडण हक्काचं राहत नाही.

महाराष्ट्र सरकारलाही सोडायला नको. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा चालू आहे. तो चालू दे. पण सीमाभाग आपला म्हणायचा आणि कागलच्या सरावाचं निमंत्रण निपाणीच्या तहसीलदारांना द्यायला कोर्टाचा निकाल लागायची वाट बघायची का? एका पत्रानं होणारं काम आहे हे.

आता आपलं काम. १९९६ च्या नियमांत स्थानिक संकट गटाच्या सदस्यांमध्ये सरपंच किंवा गावपुढारी, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्ते आहेत. कायद्यानं ठेवलेल्या खुर्च्या आहेत या. तुमच्या भागात त्यांवर कोण बसतं? त्यात मराठी वाचणारं, बोलणारं कुणी आहे का? शेवटचा सराव कधी झाला, सूचना कोणत्या भाषेत दिल्या? हे माहितीच्या अधिकारात विचारा. तो अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहावा लागेल, तर तसा लिहा, त्यात कमीपणा नाही. डीसींना द्यायचं निवेदन मात्र मराठीतच द्या. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा अधिकार घटनेच्या कलम ३५० नं दिलाय.

निवेदनात तीनच मागण्या लिहा. एक, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांचा वर्षातून एक संयुक्त सराव, महामार्गावर, खऱ्या टँकरसह. दोन, सायरननंतरच्या सूचना दोन्ही भाषांत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याच. तीन, दोन्हीकडच्या अग्निशमन दल, पोलीस आणि सरकारी दवाखान्यांचे थेट नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर.

बसला काळं फासल्याच्या रीलला हजारो लाईक पडतात. या अर्जाला पडणार नाहीत. पण सीमेचा निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, तोवर आणि त्यानंतरही टँकर रोज रात्री कोगनोळी ओलांडणार आहेत. तेव्हा या आठवड्यात पाच जण जमा, अर्ज लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.