सगळ्यांना एकच गाडी

१९ जून १९४९. अमेरिकेतल्या शार्लटच्या धुळीच्या ट्रॅकवर 'नॅस्कार' या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेने 'स्ट्रिक्टली स्टॉक' मालिकेची पहिली शर्यत भरवली. अट सरळ होती: गाडी शोरूममधून जशी बाहेर पडते तशीच आणायची. पहिला आला ग्लेन डनअवे. पण तपासणीत लक्षात आलं, की त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांवर हात चालवलेला आहे. ती गाडी एरवी चोरटी दारू वाहायची. मागे माल भरल्यावरही वळणावर डगमगू नये म्हणून तिच्यात बदल केलेले. विजेतेपद जिम रोपरच्या लिंकनला मिळालं. डनअवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. सगळ्यांना सारखी अट, हा ज्या खेळाचा पाया, तो पहिल्याच दिवशी हलला आणि पुढे हलतच राहिला.

या खेळातली ही विषमता मला कायम खटकत आली आहे. मोठ्या टीमकडे इंजिनिअरांचा ताफा, चाचण्यांना पैसा. छोट्या टीमचा ड्रायव्हर तिसाव्या नंबरावर फेऱ्या मारत राहतो. तो कच्चा आहे की त्याची गाडी, हे बघणाऱ्याला कळणार कसं? माझ्यापुरतं याचं उत्तर एका व्हिडिओ गेमने दिलं.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे शर्यती थांबल्या. ड्रायव्हर घरात अडकले आणि नॅस्कारने त्यांना 'आयरेसिंग' या गेमवर उतरवून त्या शर्यती टीव्हीवर थेट दाखवल्या. हा गेम घडवणारा डेव्ह केमर नव्वदच्या दशकात 'पॅपिरस' कंपनीतून नॅस्कारचे गेम काढायचा. आयरेसिंगसाठी ट्रॅक लेझरने मोजले जातात. कुठे डांबर उचललंय, कुठे खचलंय, ते सगळं गेममध्ये उतरतं. त्यामुळे ज्याला खरा ट्रॅक पाठ आहे, त्याला इथेही तो ओळखीचा वाटतो. होमस्टेडच्या पहिल्या शर्यतीत डेनी हॅमलिन घरच्या महागड्या सिम्युलेटरमध्ये अनवाणी बसला होता आणि डेल अर्नहार्ट ज्युनिअरला शेवटच्या वळणातून बाहेर पडताना त्याने मागे टाकलं. दोघेही मोठी नावं, त्यामुळे त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

नवल घडलं पुढच्या रविवारी, टेक्सासमध्ये. जिंकला टिमी हिल. खऱ्या ट्रॅकवर तो छोट्या टीमची ६६ नंबरची गाडी चालवायचा आणि शर्यत पुरी करणं हीच मोठी कमाई मानायचा. सर्वोच्च मालिकेत त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. पडद्यावर मात्र त्याची गाडी आणि अजिंक्यवीरांच्या गाड्या यांच्यात रंगरूप आणि नंबर सोडले तर काहीच फरक नव्हता. शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे विल्यम बायरन होता. हिलने त्याच्या मागच्या बंपरला हलका धक्का दिला, बायरनची गाडी वर सरकली आणि खालची वाट मोकळी झाली. हा धक्का देणं हीसुद्धा एक कला आहे. जरा जास्त लागला तर पुढचा गिरकी घेतो, कमी लागला तर आपलाच वेग जातो. हिलला तो नेमका जमला. इतकी वर्षं तो मागच्या रांगेत असल्यामुळे त्याच्यातलं हे कसब कुणाला दिसलंच नव्हतं.

गेममध्ये केबिनचं तापमान पन्नास अंशांवर जात नाही, आपटल्यावर हाडं मोडत नाहीत. म्हणून तो खोटा, असं म्हणणाऱ्यांना मार्टिन्सव्हिलची खरी शर्यत दाखवावी. ३० ऑक्टोबर २०२२, शेवटची फेरी. रॉस चॅस्टेन दहावा, आणि अजिंक्यपदाच्या अंतिम चौघांत जायला त्याला दोन जागा कमी पडत होत्या. जेमतेम साडेआठशे मीटरचा, पेपरक्लिपसारखा लांबट ट्रॅक. वळण आलं तसे सगळ्यांनी ब्रेक दाबले. चॅस्टेनने पाचवा गिअर टाकला, गाडीची उजवी बाजू बाहेरच्या भिंतीला भिडवली, स्टिअरिंगवरची पकड जवळजवळ सोडली आणि पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबून ठेवला. गाडी भिंतीला घासत, ठिणग्या उडवत पूर्ण वळण फिरली. पाच गाड्या मागे पडल्या; हॅमलिनला तर त्याने अंतिम रेषेवर गाठलं. फेरीची वेळ १८.८४५ सेकंद, त्या ट्रॅकच्या इतिहासात स्टॉक कारने मारलेली सर्वांत वेगवान फेरी. हे सुचलं कुठून, असं विचारल्यावर त्याने लहानपणी भावाबरोबर गेमक्यूब कन्सोलवर खेळलेल्या 'नॅस्कार २००५' या गेमचं नाव घेतलं.

नॅस्कारने निकाल कायम ठेवला. जानेवारी २०२३मध्ये मात्र, पुन्हा कुणी असं केलं तर सुरक्षेच्या नियमाखाली शिक्षा होईल, असं जाहीर केलं. मला दोन्ही निर्णय पटतात. जाळीपलीकडे माणसं बसलेली असतात.

टेक्सासला हिलचा धक्का खाल्लेला बायरनही मुळात आयरेसिंगवरच शिकलेला. खरी गाडी त्याच्या हाती नंतर आली आणि २०२४ व २०२५, अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने डेटोना ५०० ही मानाची शर्यत जिंकली. राजा कॅरुथची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. वॉशिंग्टन डीसीत वाढलेल्या या मुलाच्या वाट्याला लहानपणी कार्टिंग आलंच नाही; ड्रायव्हिंग तो घरात बसून, गेमवर शिकला. तेवढ्या बळावर नॅस्कारच्या प्रशिक्षण योजनेत त्याची निवड झाली आणि १ मार्च २०२४ रोजी लास व्हेगासला त्याने ट्रक मालिकेतली शर्यत जिंकली. वेंडेल स्कॉट आणि बब्बा वॉलेस यांच्यानंतर नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकांमध्ये जिंकणारा तो तिसराच कृष्णवर्णीय ड्रायव्हर. स्टिअरिंग, पेडल आणि गेमची वर्गणी यांनाही पैसे लागतातच, पण त्या पैशांत खऱ्या गाडीचे टायरही फार दिवस पुरणार नाहीत.

टिमी हिलला मात्र टेक्सासनंतर कुठल्याही बड्या टीमने आपली गाडी दिली नाही. सगळ्यांसारखी गाडी मिळाल्यावर तो काय करतो, हे तेव्हा देशभर टीव्हीवर दिसलं होतं. एखाद्या टीममालकाने निदान एका शर्यतीपुरतं त्याला बोलवायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.