फक्त एवढंच करा!

मराठीतला सर्वांत क्रूर शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ताबडतोब सांगेन, ‘फक्त’. डॉक्टर म्हणतात, “फक्त मुंगी चावल्यासारखं वाटेल.” बिल्डर म्हणतो, “फक्त दोन महिने थांबा.” लग्नघरातला आचारी म्हणतो, “फक्त पाच मिनिटं!” या तिघांनाही मी उदार मनाने क्षमा केली आहे. पण एका चौथ्या जमातीला क्षमा करायची माझी तयारी नाही. मथळ्यावर ‘अगदी नवशिक्यांसाठी’ असं लिहून खाली खेळांच्या मॉडची स्क्रिप्ट शिकवणारी मंडळी, ती ही जमात.

मॉड म्हणजे संगणकावरच्या खेळात आपल्या मनासारखा केलेला फेरफार. भाड्याच्या घरात आपण खुंटी ठोकतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे पुष्कळदा घरमालक स्वतःच हातोडी आणून देतो. त्या हातोडीचं नाव स्क्रिप्ट : खेळाला चार ओळींत दिलेली लेखी आज्ञा. निवृत्तीनंतर आमच्या वयाची माणसं भजनी मंडळात जातात, मी या मंडळात गेलो.

हा पोरखेळ आहे असं समजू नका. ज्या ‘पबजी’ने आपल्याकडे कित्येक घरांतली ताटं निववली, त्याचं मूळ एका मॉडमध्येच आहे. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने ‘आर्मा’ या युद्धखेळावर तसले मॉड केले आणि पुढे २०१७ साली स्वतंत्र खेळ आला. ‘काउंटर-स्ट्राइक’ही १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणूनच जन्मला. म्हणजे लहान मुलाला प्रोग्रॅमिंगच्या दारात आणून सोडणारी याहून चांगली वाट मला तरी ठाऊक नाही. आणि नेमक्या त्याच वाटेवर ही मंडळी ‘फक्त’ पसरून ठेवतात.

आमच्या सोसायटीतल्या सातवीतल्या एका मुलाला ‘फॅक्टोरिओ’ या कारखाने उभारायच्या खेळात स्वतःच्या नावाचा स्वागताचा संदेश झळकवायचा होता. त्याच्या हाती लागलेल्या पाठात लिहिलं होतं, “मॉड्सच्या फोल्डरमध्ये फक्त एक कंट्रोल डॉट लुआ फाइल बनवा.” वाक्य किती गुटगुटीत! आता त्याच्या पोटात काय काय दडलंय ते पाहा.

विंडोजवर ते फोल्डर ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरच्या आत असतं, आणि ॲपडेटा मुळातच लपवलेलं असतं. ते सापडलं, तरी फायलींची आडनावं लपवायची रीत आहेच. नवी टेक्स्ट फाइल घेऊन पोराने तिचं नाव ‘कंट्रोल डॉट लुआ’ ठेवलं, की पडद्यावर तेवढंच दिसतं. पण मागे ‘डॉट टीएक्सटी’ हे माहेरचं आडनाव तसंच लटकत असतं आणि खेळ तिला ओळखतच नाही. शिवाय शेजारी ‘इन्फो डॉट जेसन’ ही दुसरी फाइल नसेल, तर मॉडला मॉड म्हणूनच दाखला मिळत नाही. तिच्यात शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला, तरी सगळं ठप्प!

पाठ लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं का? अहो, पाठच होतं! म्हणूनच त्याला ते दिसलं नाही. मुलगा तीन संध्याकाळी बसला आणि चौथ्या दिवशी मला म्हणाला, “आजोबा, मला डोकंच नाहीये.” माझं भांडण या एका वाक्याशी आहे. फाइलचं आडनाव लपलेलं, आणि अक्कल काढायची पोराने स्वतःची!

यावर जाणकार म्हणतात, “आम्ही कुठे कुणाला विचारलं? धडपडत शिकलो.” हा युक्तिवाद मी पूर्वी फक्त सासवांच्या तोंडी ऐकला होता. दुसरे म्हणतात, “आता एआयला सांगा, मिनिटात स्क्रिप्ट लिहून देतं.” देतं की! पण ती फाइल कुठे ठेवायची आणि चालली नाही तर काय विचारायचं, हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती आणखी चाळीस न कळणाऱ्या ओळी पडतात, इतकंच.

कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’ लिहिलं, तेव्हा ‘अंदाजाने घाला’ म्हणून हात झटकले नाहीत. घराघरात सापडणारी वाटी आणि चमचा हीच मापं दिली. त्यामुळे पहिल्यांदाच पदर खोचलेल्या मुलींचा स्वयंपाक पानात वाढण्याजोगा झाला. स्क्रिप्ट शिकवणाऱ्यांना वाटी-चमचा का सापडू नये? खुद्द लुआ ही भाषा पाहा. १९९३ साली ब्राझीलमध्ये रिओच्या एका विद्यापीठात ती जन्मली. नावाचा अर्थ चंद्र. बहुतेक भाषा यादीतली मोजणी शून्यापासून सुरू करतात. ही बाई मात्र तुमच्याआमच्यासारखी एकपासून मोजते. चंद्र इतका खाली उतरला, तरी मास्तर ढगातच!

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं, ते लिहा. एकदा मुद्दाम स्वल्पविराम चुकवा आणि येणारा लाल मजकूर दाखवा, म्हणजे पोराला तो जगबुडीसारखा वाटणार नाही. खेळ आपल्या तक्रारी कोणत्या लॉग फायलीत लिहून ठेवतो, ते सांगा. ‘फक्त’, ‘अर्थातच’ आणि ‘सोपं आहे’ हे तीन शब्द खोडा. सोपं आहे की नाही, हे शिकणाऱ्याने ठरवायचं असतं.

आणि छापण्याआधी तो पाठ एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्या. त्याच्या मागे तोंड बंद करून बसा. तो जिथे थांबेल, तिथे त्याचं डोकं कमी पडलेलं नसतं. तिथे तुमचा एक परिच्छेद लिहायचा राहिलेला असतो.