अप-डाऊनचं एक वर्ष

आमच्या टीममध्ये एक तेवीस वर्षांची मुलगी आहे. हुशार, बडबडी आणि सध्या दोन मुलांमध्ये अडकलेली. (मी काही फोडत नाहीये, सगळ्या फ्लोअरला माहीत आहे.) परवा कॉफी मशिनपाशी मला म्हणाली, "सर, तुमच्या वेळी बरं होतं. ब्लू टिक नाही, लास्ट सीन नाही. कोण कुठे आहे, कुणाला पत्ताच नाही. लफडी करायला काय सोपं!"

मी हसलो. म्हटलं, तू चेलाडी फाटा पाहिलेला नाहीस.

मी भोरचा. तुमच्यापैकी बरेच जण भोरला येऊन गेले असणार. भाटघर धरण बघायला, नाहीतर राजवाड्यात कुठल्यातरी सिनेमाचं शूटिंग चालू असताना. आम्हा पोरांचं भोर म्हणजे मात्र एसटी स्टँड. २००५ साली मी एस.वाय.ला होतो, कॉलेज पुण्यात आणि घर भोरला. रोज पन्नासेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. याला आम्ही अप-डाऊन म्हणायचो, आणि ती एक वेगळी जमातच होती. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे महिनाभर फिरा आणि दहा दिवसांचं भाडं भरा. एवढ्या पैशांत शिक्षण, झोप आणि प्रेम असं तिन्ही व्हायचं.

लाल गाडीत एका बाजूला तिघांचे बाक, दुसऱ्या बाजूला दोघांचे. तिघांच्या बाकावर मुलगा-मुलगी शेजारी बसले तर ती गर्दी. दोघांच्या बाकावर बसले तर ती बातमी. हा नियम कंडक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ.

ती चेलाडी फाट्यावर चढायची. वेल्ह्याकडून वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन तासभर यायची आणि मग आमची भोर-स्वारगेट पकडायची. गाडी थांबली की मी खाली उतरून टपरीवर चहा मारायचो. कोरा, बिनसाखरेचा, कारण पित्त. "हे काय औषध पितोस का?" हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. जुलैपर्यंत आम्ही तिघांच्या बाकावर होतो. २६ जुलैच्या त्या भयंकर पावसाच्या आठवड्यात तिच्याकडचा रस्ता बंद झाला आणि ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, तेव्हा मी दोघांच्या बाकावर खिडकी सोडून बसलो होतो. ती बसली. विषय संपला.

तिच्याकडे मोबाईल नव्हता. माझ्याकडे नोकिया ११०० होता, पण करायचा कुणाला? त्यामुळे जे काय बोलायचं ते चेलाडी ते स्वारगेट. कात्रजचा घाट आला की तिला उलटी होईल असं वाटायचं, म्हणून ती गप्प बसायची आणि मी लिंबू धरून बसायचो. आमचा रोमान्स हा एवढाच.

एक गोष्ट मला तेव्हा कळलीच नव्हती. शाळेत असताना तिचा पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेतला. कॉलेजला आल्यावर पैसे पडायला लागले. सवलतीचे, पण पैसेच. म्हणजे तिने शिकायचं की नाही, हे तिच्या घरात दर महिन्याला नव्याने ठरायचं. माझा पास संपला की मी काढून आणायचो. तिचा पास संपला की घरात बैठक बसायची.

ऑगस्टमध्ये कॉलेजची पुरुषोत्तमची एकांकिका बसायला लागली आणि मी त्यात लाइट्स करायला घुसलो. तिथे दुसरी भेटली. सहकारनगरची, स्कूटीवाली, तोंडाने फटकळ. भरत नाट्यच्या बाहेर मला म्हणाली, "तू भोरचा? रोज जातोस? वेडा आहेस का?" आपण इंटरेस्टिंग आहोत असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. रिहर्सलमुळे रात्रीची शेवटची गाडी व्हायची, आणि स्वारगेटपर्यंत ती स्कूटीवरून सोडायची. सकाळी एक, रात्री एक. टाइमटेबल इतकं फिट बसलं होतं की यात काही चूक आहे असंच वाटेना. दोघींनाही मी खोटं बोललो नाही. दोघींनीही मला काही विचारलं नव्हतं, एवढंच.

आता माझ्या मित्राचं सांगतो. भोरचाच, आमच्या आळीतला. तोही अप-डाऊनवाला. त्याला चेलाडीवाली माझ्याही आधीपासून आवडायची आणि तिच्या मनात काय आहे ते काढायचं काम त्याने माझ्यावरच सोपवलं होतं. मी काय काढलं ते तुम्ही वाचलंच.

नवरात्रात एका रात्री आम्ही सहा-सात जण राजवाड्यासमोर बसलो होतो. विषय निघाला, आणि मी म्हणालो, "वेल्ह्याची आपल्या खिशात आहे, पुण्याचीचं बघतोय."

हे वाक्य जसंच्या तसं लिहायला मला वीस वर्षं लागली. मी असा बोलणारा मुलगा नव्हतो, असं मला वाटायचं. पोरं हसली. मित्र उठून घरी गेला. बाजूला दोघं-तिघं जीपवाले उभे होते, ते हसले की नाही ते मी पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चेलाडीला तिच्याबरोबर तिचा भाऊ चढला. माझ्याकडे बघितलं नाही, कुणाला काही बोलला नाही. ती महिलांच्या सीटवर बसली, तो दारात उभा राहिला. स्वारगेटपर्यंत उभाच. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. तिचा पास काढलाच नव्हता.

कुणी सांगितलं? बरीच वर्षं मी त्या मित्राला धरून चाललो होतो. त्याच्याशी बोलणंही सोडलं. त्याच्यावर राग काढणं सोपं होतं. त्याने सांगितलं असेल, जीपवाल्याने सांगितलं असेल, नाहीतर दोघांच्या बाकाने. पण वाक्य माझं होतं.

मी चौकशी केली का? नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या महिन्यात सहकारनगरवालीचा वाढदिवस होता आणि माझ्या डोक्यात ग्रीटिंग कार्ड होतं.

जानेवारीत ग्रुपचा तोरण्याचा ट्रेक ठरला. आम्ही आठ जण. वेल्ह्यात उतरलो, थंडी मरणाची, आणि पायथ्याच्या एका छोट्या हॉटेलात सगळ्यांनी चहा सांगितला. आतून ट्रे घेऊन ती आली. ते तिच्या चुलत्याचं हॉटेल आहे, हे मला माहीत नव्हतं. मला तिच्याबद्दल काय माहीत होतं म्हणा. तिने सात ग्लास दुधाच्या चहाचे ठेवले आणि आठवा, कोरा, माझ्यासमोर. मी कोरा सांगितलेला नव्हता. ती काही बोलली नाही, आत गेली.

सहकारनगरवालीने माझ्या ग्लासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपला चहा संपवला.

तोरणा १४०३ मीटर आहे, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. त्या दिवशी तो त्याहून बराच मोठा होता. बिनी दरवाजापर्यंत कुणी काही बोललं नाही. रात्री मेंगाई देवीच्या देवळात मुक्काम होता. बाकीचे शेकोटीपाशी गाणी म्हणत होते. तिने मला बाहेर बोलावलं आणि विचारलं. मी अर्धं सांगितलं, मग उरलेलंही सांगितलं. ते राजवाड्यासमोरचं वाक्य सोडून.

ती म्हणाली, "मग तू वेल्ह्याला का नाही गेलास? गाडी जाते ना इकडे?"

मी म्हणालो, "माझा पास भोरपर्यंतचा होता."

मी खरंच असं म्हणालो. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती आत जाऊन झोपली, आणि दुसऱ्या दिवशी स्वारगेटला उतरल्यावर स्कूटी काढून एकटी निघून गेली.

यानंतर एक तिसरी पण झाली. फेब्रुवारी ते एप्रिल. सहकारनगरवालीचीच मैत्रीण, माझं सांत्वन करायला आलेली. तेव्हा ऑर्कुट होतं, आणि तिथले स्क्रॅप कुणालाही वाचता यायचे हे आम्ही दोघंही विसरलो. परीक्षेच्या आधी सगळं आटोपलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तिलाही आता आठवत नसेल. जूनमध्ये मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली आणि अप-डाऊन संपलं.

या पावसाळ्यात टीमला तोरण्याला नेलं. गाडी चेलाडीला वळली आणि मागून ती तेवीस वर्षांची मुलगी ओरडली, "सर, हाच का तो फाटा?" वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला; माझ्या तोंडात अजून वेल्हेच आहे. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. हे मी गाडीत सगळ्यांना सांगितलं. त्यांनी "अच्छा" केलं आणि परत गाणी लावली.

हॉटेल तिथेच आहे, पत्रे बदललेत. गल्ल्यावर चुलत्याचा मुलगा होता. बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत असताना मी विचारलं. त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं. पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं, सासर मुळशीत. दोन लेकरं झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तिने, परीक्षेला सासरा गाडीवर सोडायचा. आता अंगणवाडीत आहे. थोरली पुण्यात शिकते, हॉस्टेलवर.

"हॉस्टेलवर?"

"ताई म्हणाली, अप-डाऊन नको."

मग त्याने विचारलं, "तुम्ही कोण तिचे?"

"एका गाडीनं जायचो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि किती चहा टाकू म्हणून विचारलं. मी मुंडकी मोजली. नऊ होती.