पडताळा

शाळेत गणिताच्या मास्तरांनी आपल्या सर्वांना एक चांगली सवय लावली होती. भागाकार संपला की ताळा पाहायचा. भाजकाने भागाकाराला गुणावे, बाकी मिळवावी. भाज्य जसेच्या तसे परत आले तर उत्तर खरे. यात उत्तर बिचारे स्वस्थ बसून असे. कष्ट सारे पाहणाऱ्याचे. 'पडताळा' हा शब्द उच्चारला की मला त्यात हा ताळा ऐकू येतो. व्युत्पत्तीचा वाद पंडितांवर सोपवू. वापर मात्र स्पष्ट आहे. पडताळायला दोन गोष्टी लागतात. नक्कल अस्सलाशी, वजन वजनाशी, ऐकलेले अनुभवाशी जुळवून पाहायचे.

खरेपणा ठरवण्याच्या शब्दांना मराठीत तोटा नाही. सोन्याला कसोटी आहे. 'शाबीत' अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ 'ठाम, स्थिर'. 'पारख' ही तर 'परीक्षे'चीच लेक. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा पौषी पौर्णिमेपासून भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बैल घेणारा बैलाचा जबडा उघडून दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो. ही पारख. आपले वय शाबीत करण्याची जबाबदारी बैलावर कोणी टाकत नाही!

माणसाचे नशीब तेवढे चांगले नाही. शहापूर-मुरबाडकडची ठाकूर, महादेव कोळी, कातकरी मुले आमच्या कॉलेजात येतात. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "सर, माझी पडताळणी राहिलीय." व्याकरणाच्या शिक्षकाचे लक्ष 'माझी' या शब्दाकडे जाते. दाखल्याची नव्हे, माझी! जातीच्या दाखल्यांविषयीच्या २००० सालच्या आपल्या राज्याच्या कायद्याचे नावच 'पडताळणी' सांगते. पण त्याचे ८ वे कलम शाबीत करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच टाकते. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावणारे निघतात, म्हणून चाळणी हवी, हे कबूल. प्रश्न एवढाच, की चाळणीतून दाणाच गळून जाऊ नये.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने या तपासाची रीत घालून दिली. कागदपत्रांबरोबर चालीरीती, देवदैवते, लग्नाचे आणि मर्तिकाचे विधी हेही तपासात आले. यासाठी सरकारी मराठीने शब्द योजला 'आप्तभाव'. शब्द गोड आहे. पण ज्याचा बाप नोकरीसाठी शहापूर सोडून कल्याणच्या चाळीत आला, त्या मुलाला आजोळचे विधी कुठून ठाऊक असणार? २४ मार्च २०२३ रोजी, आदिवासी ठाकूर जमातीच्याच एका संस्थेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की आप्तभावाची चाचणी म्हणजे लिटमसचा कागद नव्हे. स्थलांतराने आणि नव्या राहणीने जुन्या खुणा पुसट होतात. तेवढ्यावर निकाल देता येत नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांचे वजन त्याहून मोठे.

पण पणजोबा शाळेतच गेले नसतील, तर कागद कुठला? इथे मला आपल्या न्यायशास्त्रातला जुना 'आप्त' आठवतो. आप्त म्हणजे नुसता नातलग नव्हे; ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो खरे बोलतो, तो आप्त. त्याचे वाक्य प्रमाण. गंमत अशी, की हा आप्त सरकारी नियमांत दुसऱ्या दाराने आलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपण कसतो, हे दाखवण्यासाठी जे पुरावे चालतात, त्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. मात्र तो जबाब खुद्द दावेदाराचा चालत नाही. झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेले बांध हेही पुरावेच. एकाच पुराव्यावर भागत नाही. आणि गावच्या वनहक्क समितीने स्वतः जागेवर जाऊन पाहायचे असते.

हा खरा पडताळा. म्हातारीचा शब्द एका बाजूला, बांध दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही जुळतात का, हे पाहायला पाहणारा चालत गेलेला. नियमात लिहिलेले प्रत्येक गावात तसेच घडते असे नाही. पण शब्दाला योग्य जागा निदान नियमात तरी मिळाली आहे.

तेव्हा वाचकहो, 'शाबीत कर' आणि 'पडताळून पाहतो' ही वाक्ये एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पहिल्यात आपण खुर्चीत बसून असतो आणि दुसरा धावतो. दुसऱ्यात उठायचे असते आपण. घरात मुलांच्या बाबतीत, कामाला येणाऱ्या बाईच्या बाबतीत, दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या बाबतीत आपल्या तोंडून यांतले कोणते वाक्य अधिक वेळा निघते, याचा ताळा ज्याचा त्याने घरीच पाहावा.