ज्वालामुखीच्या बेटावर सहलीचा बेत

सहलीचा बेत कसा आखावा, हा काय विज्ञानाच्या मासिकात चर्चा करण्याचा विषय आहे, असे कुणी म्हणेल. सहल महाबळेश्वरची किंवा गणपतीपुळ्याची असेल तर ते म्हणणे मी मान्य करीन. पण ज्या बेटावर जागा ज्वालामुखी आहे तेथे जायचे असेल, तर बेत आखणे म्हणजे निम्मे भौतिकशास्त्र आणि निम्मे संभाव्यतेचे गणित असते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अशा सहलीत ‘ऐन वेळी रद्द’ ही शक्यता बेतातच लिहिलेली असली पाहिजे. आणि सहल रद्द झाल्यावर डोंगर शांतच राहिला, तरी आपल्याला कुणी फसवले असे मानता कामा नये. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. नकाशावर मात्र या बेटांची एक ओळ धनुष्यासारखी वाकलेली दिसते. ग्रेनेडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया, मार्टिनिक, डॉमिनिका, ग्वाडेलूप, माँटसेराट अशी ती उत्तरेकडे जाते. अटलांटिक महासागराचा तळ येथे कॅरिबियन भूपट्टाच्या खाली वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर वेगाने सरकतो. खाली गेलेल्या खडकातले पाणी बाहेर पडते, त्यामुळे वरच्या तप्त खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. बर्फात मीठ घातले की त्याचा वितळणबिंदू उतरतो हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले आहेच. जात तीच, प्रमाण तेवढे निराळे.

यांपैकी मार्टिनिक बेटावर १९०२ साली एक सहल ठरली होती. सेंट पिएर हे तेथले तेव्हाचे सर्वांत गजबजलेले शहर. त्याच्या डोक्यावर सहा-सात किलोमीटरांवर माँ पेले हा डोंगर. एप्रिलपासून तो धुमसत होता, राख पडत होती, गंधकाचा वास शहरात येत होता. अशा वेळी तेथल्या ‘ले कोलोनी’ या वृत्तपत्रात सूचना आली, की रविवार, ४ मे रोजी डोंगरावर सहल निघणार आहे. राखेचा वर्षाव वाढल्यामुळे ती सहल काही निघाली नाही. पण शहर मात्र रिकामे झाले नाही. आठवडाभरावर निवडणुकीची फेरी होती, दुकाने उघडी होती, उलट खेड्यांतली माणसे आसऱ्याला शहरातच येत होती. गुरुवार, ८ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास डोंगरातून निघालेला तप्त वायूचा आणि राखेचा लोट काही मिनिटांत शहरावरून गेला. सुमारे २८ हजार माणसे मेली. वाचलेल्या मोजक्या माणसांत जाड भिंतींच्या कोठडीतला एक कैदी होता.

लाव्हा संथपणे वाहतो, माणूस त्याच्यापुढे चालत जाऊ शकतो, असे आपण वाचलेले असते. मग हे काय झाले? येथे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने विशेष सावध राहायला हवे, कारण आपण स्वतः लाव्हावरच राहतो. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला बेसॉल्ट. तो शिलारस पातळ होता, म्हणून दूरवर वाहिला. आणि आता तो थंड होऊन इतका काळ लोटला आहे, की त्यावर किल्ले बांधावेत, लेणी कोरावीत. कॅरिबियन बेटांवरचा अँडेसाइट खडक निराळा. त्यात सिलिकेचे प्रमाण अधिक, म्हणून त्याचा शिलारस घट्ट आणि चिकट. पुस्तकात ज्याला श्यानता म्हणतात ती त्यात फार. स्वयंपाकघरात याचा पुरावा आहे. पाणी उकळते तेव्हा बुडबुडे मुकाट वर येऊन फुटतात. पण पिठले दाट होऊन रटरटू लागले, की प्रत्येक बुडबुडा फुटताना चटका बसेल असा शिंतोडा उडवतो. वाफ तीच. वाट अडली की तिचा दाब वाढतो, एवढेच. घट्ट शिलारस वाहून न जाता मुखावर घुमटासारखा साचत जातो, आत वायू कोंडलेला राहतो, आणि एक दिवस घुमटाची बाजू ढासळली की तप्त दगड, राख आणि वायू यांचे मिश्रण उतारावरून सुटते. हे मिश्रण तापलेले असूनही राखेच्या भाराने हवेपेक्षा जड असते, म्हणून प्रथम ते जमिनीला धरून, दऱ्यांतून, पाण्यासारखे धावते. तापमान कित्येकशे अंश, वेग ताशी शंभर किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक.

आता बेत आखण्यासाठी मी माँटसेराट हे बेट निवडतो. एक तर ते छोटे आहे. क्षेत्रफळ १०२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. दुसरे, तेथे या सगळ्या गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. मुंबईहून थेट विमान नाही. लंडनमार्गे अँटिग्वाला जायचे आणि तेथून छोट्या विमानाने पुढे. हे विमान उतरते तो विमानतळ २००५ साली उघडला. जुना विमानतळ ज्वालामुखीने घेतला. कारण सांगतो.

या बेटाच्या दक्षिण भागातला सूफ्रिएर हिल्स हा डोंगर १८ जुलै १९९५ रोजी जागा झाला. त्यापूर्वी बेटावर अकरा-बारा हजार लोक राहत होते आणि प्लिमथ ही राजधानी डोंगरापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरांवर होती. साधे गणित करा. ताशी शंभर किलोमीटर वेगाने लोट निघाला, तर चार किलोमीटर यायला त्याला १४४ सेकंद लागतात. तुमच्या शाळेचा धावण्यातला पहिला मुलगा तेवढ्या वेळात एक किलोमीटरही ओलांडणार नाही. म्हणजे लोट दिसल्यावर पळू, हा बेत बेतच नव्हे. प्लिमथ एप्रिल १९९६ मध्ये कायमचे रिकामे करण्यात आले. ऑगस्ट १९९७ मध्ये असे लोट शहरात शिरले, ते जळाले आणि मग राख-चिखलाखाली गाडले गेले. त्या वेळी शहरात माणूस नव्हता.

पण त्याआधी, २५ जून १९९७ रोजी, घुमट ढासळून १९ माणसे मेली होती. ती बंदी घातलेल्या भागात होती. त्यांत बरेच जण शेतीच्या कामासाठी गेलेले. उत्तरेकडच्या निवाऱ्यांत गर्दी, कसायला जमीन अपुरी, आणि मागे उभे पीक. त्यांना मूर्ख म्हणण्याची घाई मी करणार नाही. बंदीच्या रेषेपलीकडे ज्याची भाजी आहे आणि बंदीच्या रेषेपलीकडे ज्याचे फक्त छायाचित्र आहे, या दोघांत फार अंतर आहे. प्रवाशापाशी रेष ओलांडण्याचे एकही सबळ कारण नसते.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. मुख्य लोट दरीतून उतरला, जुन्या विमानतळाच्या अगदी जवळ येऊन थांबला. पण त्यावरचा हलका, राखेचा ढग दरीच्या कडेवरून पलीकडे सांडला आणि त्यातली राख पुन्हा एकवटून दुसऱ्याच दरीतून पश्चिमेला उतरली. ‘आपली दरी निराळी आहे’ हा दिलासा किती पोकळ असतो, ते यावरून दिसते. (जाता जाता. या दऱ्यांना तेथे जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘गट’ असा करतात, पण त्याचे इंग्रजी लेखन जुन्या इंग्रजी पुस्तकांतल्या आपल्या ‘घाटा’सारखेच आहे.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इशारा दिला, सहल रद्द झाली आणि काहीच घडले नाही तर? ग्वाडेलूप बेटावर हेच झाले. १९७६ साली तेथल्या ला सूफ्रिएर डोंगरातून वाफेचे स्फोट होऊ लागले. शास्त्रज्ञांत दोन तट पडले. ताजा शिलारस वर येत आहे असे काहींचे म्हणणे, तर ही नुसती वाफ आहे असे हारून ताझिएफ यांचे म्हणणे. सरकारने सत्तर हजारांहून अधिक लोकांना काही महिने घराबाहेर ठेवले. मोठा उद्रेक झाला नाही. लोक चिडले, शास्त्रज्ञ वृत्तपत्रांतून भांडले, आणि आजही ‘इशारे फुकट असतात’ याचे उदाहरण म्हणून ग्वाडेलूपचे नाव घेतले जाते.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. ढग पाहून छत्री नेली आणि पाऊस पडला नाही, तर आपले अनुमान वाईट होते असे ठरत नाही. अनुमान चांगले की वाईट, हे त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावरून ठरते, नंतरच्या निकालावरून नव्हे. परीक्षेत उत्तर योग्य आले पण रीत चुकली, तर आम्ही गुण कापतो. येथे उलटे का? शिवाय चुका दोन प्रकारच्या असतात. विनाकारण घर सोडावे लागणे ही एक आणि घरात असताना लोट येणे ही दुसरी. दोन्हींची किंमत सारखी नाही. समजा दहापैकी नऊ इशारे फुकट गेले, तरी दहाव्यात २८ हजार माणसे असू शकतात. अर्थात, घर सोडण्याची किंमत शून्य नाही. ती कोण भरतो हे पाहणे सरकारचे काम आहे आणि ते नीट न झाल्यास काय होते, हे माँटसेराटच्या शेतकऱ्यांनी दाखवले. प्रवाशाची किंमत मात्र तिकिटाचे पैसे आणि हिरमोड. तेवढ्यासाठी रडू नये.

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या सूफ्रिएर ज्वालामुखीने ७ मे १९०२ रोजी, पेलेच्या आदल्याच दिवशी, दीड हजारांहून अधिक माणसे मारली होती. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या मुखात नवा घुमट वाढू लागला. त्रिनिदादमधल्या वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या भूकंप संशोधन केंद्राचे लोक त्यावर नजर ठेवून होते. ८ एप्रिल २०२१ रोजी गावे सोडण्याचा हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्फोट झाले. स्फोटांनी एकही माणूस मेला नाही. याच्या उलट उदाहरण न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटाचे. तेथे नोव्हेंबर २०१९ मध्ये इशाऱ्याची पातळी एकवरून दोनवर नेली होती, तरी प्रवाशांच्या फेऱ्या चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला वाफेचा स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यांपैकी २२ दगावले.

तेव्हा आपला बेत असा. मुक्काम उत्तर भागात. पहिला दिवस वेधशाळेकडे. होय, समुद्रकिनाऱ्याआधी. फ्लेमिंग्ज येथे माँटसेराट ज्वालामुखी वेधशाळा आहे. भूकंपमापकांच्या नोंदी, जमीन किती फुगली वा बसली याची मापे, आणि डोंगरातून दिवसाला किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो याचे वर्णपटावरून केलेले मोजमाप, हे तेथले नित्याचे काम. धोक्याच्या पातळ्या एक ते पाच. त्या दिवशी कोणती पातळी आहे यावर पुढचे दिवस अवलंबून. पातळी अनुकूल असेल तर परवानगी घेऊन, अधिकृत वाटाड्याबरोबर प्लिमथ पाहावे. कागदोपत्री ते अजून राजधानी आहे. प्रतिकूल असेल तर पूर्वेकडच्या जॅक बॉय टेकडीवरून जुन्या विमानतळाचा गाडलेला भाग आणि डोंगर पाहावा. दुर्बीण न्यावी. १००० मीटरांपेक्षा वर गेलेला घुमट आणि त्याच्या वाफा तेथून दिसतात. वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो, म्हणून वाफेचा पिसारा प्लिमथच्या बाजूला झुकलेला असतो. मधल्या सेंटर हिल्सच्या जंगलात या बेटाखेरीज कोठेही न आढळणारा ओरिओल पक्षी आहे. त्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी.

पश्चिमेच्या गॅरिबाल्डी टेकडीसाठी मात्र बेल्हॅम दरी ओलांडावी लागते. तेथला पूल, गोल्फचे मैदान सारे राखेच्या चिखलाखाली गेले आहे. उद्रेक थंडावला तरी डोंगरावरची सैल राख पावसाबरोबर उतरत राहते, आणि जून ते नोव्हेंबर हा तेथला वादळांचा हंगाम.

शिक्षकांसाठी म्हणून वर्गात विचारायला एक प्रश्न देतो. उत्तर हात वर करून नको, कारणांसह वहीत लिहून घ्यावे. दुपारचे चार वाजले आहेत. तुम्ही गॅरिबाल्डी टेकडीवर आहात, मुक्काम दरीपलीकडे. दरीत ऊन आहे, पात्र कोरडे आहे, पण दक्षिणेकडे डोंगरमाथ्यावर काळा ढग बसला आहे. गाडीवाला म्हणतो, पाच मिनिटांचे काम आहे. गाडी घालायची का?