अत्तर कोणी लावावे?

आपल्या माळव्यातील मराठी समाजात काही नियम असे आहेत की ते कोणी केले हे कोणासच ठाऊक नसते. मात्र कोणी मोडले हे दुसऱ्या दिवशी सर्वांना ठाऊक होते. साठी उलटलेल्या गृहस्थाने सुवास लावू नये, हा त्यांतला एक. लावलाच तर दाढीनंतर गालांना चुरचुरणारे पाणी तेवढे लावावे. फुलांचा वास स्त्रियांचा आणि लाकडाचा पुरुषांचा, हे त्याचेच पोटकलम. आणि स्त्रियांनी अत्तर जरूर लावावे, पण कपाळी कुंकू आहे तोवरच, हा त्याचा अलिखित परंतु सर्वांत कडक पाळला जाणारा भाग. या नियमांना परंपरेचा आधार नाही असे माझे म्हणणे आहे. आणि शेवटचा भाग तर निव्वळ क्रूर आहे, असेही आहे.

हा लेख लिहिण्यास निमित्त झाली ती एक काळ्या काचेची कुपी. भाचीने ती परदेशातून आणली. नाव सांगून कंपनीची फुकट जाहिरात करण्याची इच्छा नाही. वेष्टनावर ‘युनिसेक्स’ असे छापले आहे, म्हणजे स्त्री-पुरुष कोणीही लावावे असे. सकाळी मनगटावर लावले की पहिली दहा मिनिटे मिरीचा तिखटपणा आणि अतिपक्व जांभळाचा गोडवा यांचा नुसता गोंधळ असतो. त्या वेळी मत बनवू नये. मग फूल पुढे येते. तेही पहाटेचे टवटवीत नव्हे. लग्नघरात दुसऱ्या दिवशी खुंटीवर राहून गेलेल्या निशिगंधाच्या हारासारखे, किंचित सुकलेले आणि जड. दुपार कलेपर्यंत फूल मागे सरते आणि लाकूड उरते: चंदन, भिजलेला वाळा, आणि धूप जळून गेल्यावर देवघराच्या फडताळात मुरलेला धूर. रात्री सदरा काढताना गळपट्टीला जो वास असतो तो मला सर्वांत प्रिय आहे. जुन्या सागवानी पेटीतून आजीच्या शाली काढताना असाच काहीसा गडद वास येत असे.

गेले आठ महिने मी हे लावतो आहे. एका स्नेहसंमेलनात एका सन्मान्य गृहस्थांनी नाकाजवळ रुमाल नेत विचारले, “या वयात?” दुसऱ्यांनी निदान केले, “हे बायकांचे दिसते.” तिसऱ्यांचा आक्षेप अधिक तात्त्विक होता: आपण मराठी माणसे साधी, ही नवाबी थेरे आपली नव्हेत. पस्तीस वर्षे शासकीय नस्त्यांवर टिपा लिहिण्याची सवय असल्यामुळे या तिन्ही आक्षेपांवर क्रमवार अभिप्राय देण्याचा मोह होतो. पण क्रम मी माझ्या सोयीने घेणार आहे.

‘बायकांचे’ हा आक्षेप प्रथम घेतो, कारण तो सर्वांत ठिसूळ आहे. आपल्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक अधिकाऱ्याच्या न्हाणीघरात ‘ओल्ड स्पाइस’ची ती पांढरी, जहाजाच्या चित्राची बाटली असे. पुरुषी वास म्हणजे तोच, अशी आपली श्रद्धा. शुल्टन या अमेरिकन कंपनीने १९३७ मध्ये या नावाचा पहिला माल काढला तो स्त्रियांसाठी. पुरुषांसाठीचा आला १९३८ मध्ये. म्हणजे ज्या वासाला आपण मिशीइतका मर्दानी मानत आलो, तो एक वर्ष आधी बायकांच्या टेबलावर होता. पुढे १९९४ मध्ये कॅल्व्हिन क्लाइनच्या ‘सीके वन’ने स्त्री-पुरुषांना एकच कुपी विकली आणि जगाने जणू नवा शोध लागल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. आधी दुकानदाराने भिंत बांधायची, मग त्यानेच तीत दार पाडून दाराचेही पैसे घ्यायचे! आपल्याकडे ती भिंत मुळात कोणाची होती, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. उज्जैन आणि मांडू पुरेत.

सहाव्या शतकातील अवंतीचा वराहमिहिर आपण ज्योतिषी म्हणून ओळखतो. त्याच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ नावाचा एक अध्याय आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार घेतली तर किती मेळ होतील, याचा त्याने हिशेब केला आहे: १८२०. प्रमाणे बदलत गेले की तीच संख्या १,७४,७२० वर पोहोचते. त्यासाठी चार ओळी, चार रकाने असा अंकांचा चौकोन त्याने मांडला. उभी, आडवी, तिरपी कोणतीही बेरीज अठराच. ती सोळा द्रव्ये पाहावीत: मोथा, वाळा, कापूर, नागकेशर, अगरू, तगर, कचोरा, चंदन... दिवाळीच्या उटण्याची पुडी उघडून वास घेतला तर यांतली निम्मी तरी भेटतात. शैलेयही त्यांत आहे, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल. ज्याला हे सारे नवाबी वाटते त्याने आधी स्वतःच्या स्वयंपाकघरातला डबा तपासावा.

इथे प्रतिपक्षाला एक दाखला मीच पुरवतो, कारण तो त्यांना सापडण्याचा संभव कमी. हाच वराहमिहिर त्या अध्यायाच्या आरंभी सांगतो की पांढऱ्या केसांच्या माणसाला माळा, गंध, वस्त्रे, अलंकार शोभत नाहीत. “या वयात?” म्हणणाऱ्या गृहस्थांना आनंद व्हावा. पण लगेच पुढे तो काय करतो? सुगंध सोडा असे सांगत नाही; केस काळे करण्याची कृती देतो! लोखंडी भांड्यात शिजवून लेप कसा करावा, किती वेळ ठेवावा, सारे तपशीलवार. माझे केस पांढरेच राहतील. तेवढ्यापुरता मतभेद मी आचार्यांशी ठेवतो.

मांडू तर धार जिल्ह्यातलेच. तेथील सुलतान घियासशाह १४६९ मध्ये गादीवर आला. त्याच्यासाठी सिद्ध झालेला ‘निमतनामा’ हा फारसी चित्रग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पाककृतींचा ग्रंथ म्हणून तो प्रसिद्ध असला, तरी त्यात सरबते आहेत, विडे आहेत आणि अंगाला लावायचे व धुरी द्यायचे सुगंधही आहेत. चित्रांत भरघोस मिशांचा सुलतान दासींच्या मधोमध बसून स्वतः देखरेख करताना दिसतो. सहलीला मांडूस जाऊन जहाजमहालापुढे छायाचित्र काढणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना या ग्रंथाचे नाव ठाऊक असते?

“हे सुलतानाचे झाले, आपले काय?” असा प्रश्न येणारच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय प्रसाधनांच्या आणि सुगंधांच्या इतिहासावर लेखमाला लिहिली. ‘गंधवाद’ नावाच्या एका संस्कृत ग्रंथाचा त्यांनी तीत परामर्श घेतला. आणि त्या ग्रंथावर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ सुमारे १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला. गंगाधराच्या ‘गंधसारा’सह तो ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापला. सुगंध कसा सिद्ध करावा हे मराठीत समजावून सांगण्याची गरज पाचशे वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटली, आणि आम्ही मात्र ‘आपण साधी माणसे’ हे पालुपद घेऊन बसलो आहोत. साधेपणा हा गुण खरा. पण नसलेला इतिहास पुढे करून सांगितलेला साधेपणा हा नुसता आळस.

पवारांच्या दरबारांत, धारला एक आणि देवासला थोरली पाती व धाकटी पाती असे दोन, अत्तर-गुलाब आणि पान-सुपारी झाल्याशिवाय दरबार बरखास्त होत नसे. इंग्रजांनीही ती रीत उचलली आणि अत्तर-पान कोणी कोणास स्वहस्ते द्यायचे, कोणास दुय्यम अधिकाऱ्याच्या हातून, याचे बारीक नियम ठरवले. तेथे अत्तराने मानपान वेगळे केले हे खरे. पण गुलाबाचे अत्तर हातावर घेताना आपल्या पणजोबांपैकी कोणाला ते बायकी वाटले नाही. कानात फाया खोचून ते घोड्यावर बसत. माझा तर्क असा, की १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, घरे सरदारीतून कारकुनीत आणि शिक्षकीत आली, आणि गेलेल्या वैभवाशी जोडलेले जे जे होते ते आपण उधळपट्टी म्हणून टाकले. तलवारी मात्र भिंतीवर ठेवल्या. अत्तरदाणी पितळेच्या भावात गेली.

नोकरीत असताना सरदारपूर तहसिलीत काही काळ काढला. राजगडजवळचे मोहनखेडा हे जैन तीर्थ याच तहसिलीत येते. सात खंडांच्या अभिधानराजेंद्र कोशाचे कर्ते राजेंद्रसूरी यांची समाधी तेथे आहे. पौष शुद्ध सप्तमीच्या गर्दीच्या बंदोबस्तासाठी जावे लागे. तेथे साधू भाविकांच्या मस्तकावर वासक्षेप टाकीत; चंदनाची ती सुगंधी पूड. हे साधू स्त्रीला स्पर्श करीत नाहीत, त्यांचा आचार इतका कठोर. तरी पुढे मस्तक स्त्रीचे आले की पुरुषाचे, सधवेचे की विधवेचे, पूड तीच आणि वास तोच. स्पर्शाबाबत एवढी सीमा पाळणाऱ्यांनी गंधाला सीमा घातली नाही. आपण गृहस्थाश्रमी माणसे त्यांच्यापेक्षा अधिक सोवळी कधीपासून झालो?

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या वहिनी देवासला असतात. दादांना जाऊन बावीस वर्षे झाली. गेल्या कार्तिकात त्यांच्याकडे गेलो असता चहा पुढे करताना त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “भावजी, बुक्क्यासारखा वास येतोय हो तुम्हाला.” आठ महिन्यांत त्या कुपीचे इतके अचूक वर्णन दुसऱ्या कोणी केले नाही. खरेच, बुक्का म्हणजे दुसरे काय? काळा, लाकडाच्या आणि मुळांच्या अंगाचा, मागे फुलाची छटा असलेला. पंढरीच्या वाटेवर पुरुषांच्याही कपाळी आणि स्त्रियांच्याही. परदेशी कंपनीने काळ्या काचेत घालून जे विकले, ते आपल्याकडे विठ्ठलाच्या दारी चिमूटभर फुकट मिळत आले आहे.

मी कुपी पुढे केली. वहिनींनी हात पदराखाली घेतला. “आम्हाला कुठे आता,” एवढेच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांच्याबरोबर विठ्ठलमंदिरात गेलो. पुजाऱ्याने बुक्का लावला. त्यांनी तो निःसंकोच लावून घेतला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. विठ्ठलाच्या दारी जो गंध विधवेला चालतो, तो चैत्रातल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चालत नाही. तेथे मनगटावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, हातात वाण. आणि वहिनींसारख्या बायका आत स्वयंपाकघरात पन्हे ढवळीत. कुंकवाचा संबंध सौभाग्याशी जोडला गेला, त्यावर वेगळा वाद होऊ शकेल. तो मी आज घालत नाही. अत्तराचा संबंध कोणी जोडला? वाळा आणि मोगरा यांना नवरा जिवंत असल्याचा दाखला कशासाठी लागतो? जुन्या धर्मशास्त्राने विधवेला गंध-माल्य वर्ज्य केले आहे, असे कोणी सांगेल. सांगावे. त्याच धर्मशास्त्राचे केशवपन आपण सोडले, आलवण सोडले, समुद्रबंदीही सोडून मुलांना अमेरिकेस धाडले. मग नेमके अत्तरच का उरावे? फुकट पाळता येणारा धर्म तेवढा आपण पाळतो, कारण त्याची किंमत दुसऱ्याने भरायची असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. आपण मध्यप्रदेशात, ते परिपत्रक आपल्याला लागू नाही. परिपत्रकांचे सामर्थ्य किती असते हे मी पुरते जाणतो, त्यामुळे त्याचे फारसे दुःखही नाही. पण शेतकऱ्यांच्या एका गावाला जे सुचले, ते वाङ्मयमंडळे, नाट्यसंगीताच्या मैफली आणि शतकोत्तर गणेशोत्सव चालवणाऱ्या आम्हा माळवी मराठ्यांना सुचू नये, याचे दुःख आहे. आपल्या परिसरातील एका मंडळात मागील वर्षी मी हा विषय काढला, तेव्हा अध्यक्षस्थानावरून उत्तर आले की बायकांच्या बाबतीत बायकांनी ठरवावे. बायकांना विचारले का, असे मी विचारले. पुढचा विषय घेण्यात आला.

म्हणून माझा प्रस्ताव लेखी मांडतो. येत्या संक्रांतीच्या कार्यक्रमात अत्तरदाणी आतल्या खोलीत न ठेवता प्रवेशद्वारी ठेवावी. येणाऱ्या प्रत्येकाने हात पुढे करावा. देणाऱ्याने मंगळसूत्र, मिशी, वय यांपैकी काहीही पाहू नये. अत्तर मी आणीन. कनौजची जुनी रीत म्हणजे तांब्याच्या देगेत फुले किंवा मुळे उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात मुरवण्याची. चंदन महागल्यापासून बरेचसे अत्तर नुसत्या पॅराफिनवर उतरते, तेव्हा पारखून घ्यावे लागेल. थंडीचे दिवस आहेत. हिना आणि शमामा बरे पडतील, उन्हाळ्यात वाळा पाहू. दाराशी उभे राहून अत्तर देण्याचे काम वहिनींनी करावे, असे मी त्यांना विचारले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

ज्यांना हा प्रस्ताव अमान्य असेल त्यांनी पुढील अंकात आपली बाजू मांडावी. संपादक जागा देतील अशी मला खात्री आहे. मात्र ‘असे चालत आले आहे’ यापलीकडचे एखादे कारण द्यावे, आणि लेखाखाली आपले नाव घालावे.