साहेब, पाणी बाहेर येत नाही

कापडाच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी होती. तळमजला अधिक दोन, लाकडी तुळया, वर पोटमाळा. मी तेव्हा नवा केंद्र अधिकारी. चार होज चालू होत्या, ज्वाळा बसल्या होत्या आणि जवान दुसऱ्या मजल्यावर धुमसणारे गठ्ठे उपसत होते. काम संपत आलं असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात पंपावरचा आमचा जुना यंत्रचालक माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, पाणी जातंय तेवढं बाहेर येत नाही.”

मी जिन्याकडे पाहिलं. सुरुवातीला पायऱ्यांवरून लोंढा येत होता, आता नुसती धार गळत होती. शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली घेतलं, रस्त्याच्या पलीकडे उभं करून हजेरी घेतली. वीसेक मिनिटांनी दुसरा मजला पहिल्यावर बसला आणि दोन्ही मिळून तळमजल्यावर आले.

त्यामागचं गणित सोपं आहे. एका होजमधून मिनिटाला ५०० लिटर धरले, तर चार होजमधून मिनिटाला दोन टन पाणी आत जातं, अर्ध्या तासात साठ टन. त्यातलं निम्मं कापडाने शोषलं, तर भरलेले दोन ट्रक आपणच दुसऱ्या मजल्यावर नेऊन उभे केले आणि तेही अर्धवट जळालेल्या तुळयांवर. हे गणित मलाही येत होतं. पण मी कुमक मागवत होतो, वीज तोडली का ते विचारत होतो, मालकाकडून आतल्या मालाची माहिती काढत होतो. यंत्रचालक मात्र एका जागी उभा होता. किती पाणी आत गेलं याचा हिशेब त्याच्या गेजवर होता आणि किती बाहेर आलं ते त्याच्या पायाशी दिसत होतं.

या महिन्याच्या ९ तारखेला काळबादेवीच्या आगीची आठवण निघेल. ९ मे २०१५ रोजी तिथल्या गल्लीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. दोघे त्याच ठिकाणी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात रुग्णालयात मरण पावले. त्यांच्या निर्णयांवर बोट ठेवण्याची माझी पात्रता नाही. एवढंच सांगतो की अनुभवाने, हुद्द्याने आणि धैर्याने आपल्यातली सर्वांत मोठी माणसं त्या गल्लीत होती. इमारत कधी बसेल हे त्यांनाही कळलं नाही. अनुभव हेच आपलं चिलखत, असं मनाशी धरून चालणाऱ्या प्रत्येकाने त्या गल्लीत एकदा जाऊन उभं राहावं.

आणि गेल्याच महिन्यात आपण १४ एप्रिल पाळला. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याजवळच कापसाच्या गाठी. दुपारी आग दिसली, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. मधल्या वेळात जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार आणि आपलं दल, सगळे तिथे होते. आत काय आहे हे धक्क्यावर ठाऊक होतं. जहाज तिथेच बुडवायचं की गोदीबाहेर न्यायचं, याची चर्चाही झाली. पण शेवटचा शब्द कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. आपले ६६ जवान त्या दिवशी गेले. दर वर्षी आपण त्यांना मानवंदना देतो. त्या दोन तासांची उजळणी मात्र किती केंद्रांवर होते?

गोदीत जे घडलं ते मला आपल्या रोजच्या कामात दिसतं. धोका ज्याला दिसतो, त्याच्या हाती काम थांबवण्याचा अधिकार नसतो. ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याला मान वर करायला फुरसत नसते. माझ्या यंत्रचालकाने धीर केला म्हणून आम्ही वाचलो. त्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो असतो तर? नव्या अधिकाऱ्याला जुन्याने शिकवू नये, असं मनात यायला एक क्षण पुरतो.

म्हणून मागणं एवढंच. मोठ्या वर्दीवर एक माणूस असा ठेवा की ज्याच्या हातात होज नाही, वायरलेस सांभाळायचा नाही, नगरसेवकांना आणि कॅमेऱ्यांना उत्तरं द्यायची नाहीत. त्याने फक्त पाहायचं: भिंतीतली भेग रुंदावते आहे का, दाराची चौकट तिरकी झाली का, गिलावा झडतो आहे का, लाकूड बोलतं आहे का, धुराचा रंग आणि जोर बदलला का. इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आत उगाच कोण उभं आहे, तेही त्यानेच पाहायचं. माणसं कमी आहेत, हे उत्तर मला पाठ आहे. मीही ते वर्षानुवर्षं दिलं आहे. बंबावर सहाच जण आले असतील तर निदान पंपावरच्या माणसाला ही नजर आणि हा अधिकार द्या. त्याने शिट्टी वाजवली की सगळे बाहेर, का म्हणून नंतर विचारायचं.

यातली खरी अडचण पुढे येते. शिट्टी वाजली, सगळे बाहेर आले आणि इमारत पडलीच नाही. मग दुसऱ्या दिवशी केंद्रावर त्याची चेष्टा होते, वरून विचारणा होते, नुकसान वाढल्याचं खापर फुटतं. एकदा हे झालं की तो माणूस पुन्हा शिट्टी तोंडाला लावत नाही. अशा वेळी त्याच्या पाठीशी उभं राहणं हे केंद्र अधिकाऱ्याचं काम आहे आणि ते आगीपेक्षा कठीण आहे.

बीए सेटच्या, म्हणजे श्वसनयंत्राच्या, हवेवरही अशीच बाहेरून नजर हवी. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला म्हणजे १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटरने ती पाऊण तास पुरेल, पण जिना चढून माणूस ओढणारा त्याच्या दुप्पट हवा खातो. सेटची शिट्टी वाजली की निघायचं, असं नव्हे. ती वाजेल तेव्हा दाराबाहेर असायचं. आत कोण, किती वाजता गेला, किती बारवर गेला, हे फळ्यावर लिहिणारा माणूस नसेल तर हा हिशेब कोणी करायचा?

विहिरीच्या वर्दीवर तर पाहायला डोळेही कामी येत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण वाचला. अशा विहिरीतला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. ती माणसं गावकरी होती, त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आपल्याला शिकवलेलं आहे, तरी गॅस डिटेक्टर बंबाच्या कप्प्यात राहतो आणि जवान काठावरून वाकून बघत असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या महिन्यात प्रत्येक केंद्राने एक कवायत करावी. जवान आत, होज चालू, कोणाला आधी न सांगता शिट्टी. शिट्टीपासून शेवटच्या माणसाची हजेरी लागेपर्यंत किती मिनिटं-सेकंद गेले ते घड्याळावर मोजा, केंद्राच्या फळ्यावर लिहा आणि आम्हाला कळवा. आकडा वाईट आला तरी कळवा. केंद्राचं नाव न घालता पुढच्या अंकात छापू.